गुलाबी गोळ्यांची शंभर वर्षे

वेर्नर रोझेन्थल यांनी 1898 मध्ये मज्जारज्जूतल्या एका गाठीत चकचकीत, गाजरासारखे निमुळते तंतू पाहिले; त्यांना पुढे रोझेन्थल तंतू म्हटले गेले. नेहमीच्या इओसिन या रंगद्रव्याने ते गडद गुलाबी रंगतात. पुढे 1949 मध्ये न्यूझीलंडचे स्ट्यूअर्ट अलेक्झांडर यांनी लंडनमध्ये, डोके वाढत गेलेल्या एका तान्ह्या मुलाचा मेंदू तपासला. रक्तवाहिन्यांभोवती आणि पृष्ठभागाखाली त्याच तंतूंची दाटी होती. हा बिघाड ॲस्ट्रोसाइट पेशींचा आहे, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. या आजाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तान्हेपणी सुरू होणाऱ्या प्रकारात मुलांना वारंवार आकडी येते.

तरी अपस्माराच्या, म्हणजे वारंवार आकडी येण्याच्या आजाराच्या, अभ्यासात कित्येक वर्षे लक्ष राहिले ते चेतापेशींवरच. ॲस्ट्रोसाइट म्हणजे नुसता आधार, अशी समजूत होती. वास्तविक चेतापेशींभोवतीचे जादा पोटॅशियम आणि ग्लुटामेट याच पेशी उचलतात. ते साचले की चेतापेशी भडकतात. अपस्माराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम कोणते असणार?

खरे वळण आले ते उंदरांमुळे. अल्बी मेसिंग यांच्या गटाने 1998 मध्ये उंदरांत जीएफएपी या ॲस्ट्रोसाइटच्याच प्रथिनाचे मानवी जनुक जादा घातले. त्या उंदरांच्या मेंदूत हुबेहूब रोझेन्थल तंतू तयार झाले. मग 2001 मध्ये मायकेल ब्रेनर, मेसिंग आणि सहकाऱ्यांना अलेक्झांडरच्या रुग्णांत त्याच जनुकातले दोष सापडले. बहुतेक मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. अशा घरातल्या आईला हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवे.

ॲस्ट्रोसाइट आणि आकडी यांना जोडणारा दुसरा धागा मात्र अजून सुटलेला नाही. लहानपणीच आकडी सुरू झालेल्या काही रुग्णांच्या मेंदूच्या करड्या भागातही ॲस्ट्रोसाइटमध्ये गुलाबी, काचेसारखे गोळे दिसले होते. ते रोझेन्थल तंतू नव्हते. त्यांत फिलामिन-ए हे प्रथिन साचलेले असल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. याच प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे चेतापेशी गर्भावस्थेत जागच्या जागी अडकतात आणि अपस्मार होतो, हे 1998 पासून माहीत होते. त्यामुळे संशय बळावतो. पण गोळ्यांमुळे आकडी येते की आकडीमुळे गोळे साचतात, याचा निवाडा व्हायचा आहे.

त्यासाठी लागतो तो अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा तुकडा. तेव्हा तो तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक विनंती आहे: चेतापेशी पाहून झाल्यावर ॲस्ट्रोसाइटही नीट पाहा, आणि गुलाबी गोळे दिसले तर अहवालात लिहा.