माणकाचा रंग आणि माणकाचे मोल

दागिने तारण ठेवून कर्ज घेण्यासाठी बँकेत आलेला ग्राहक कधीकधी एका गोष्टीने चकित होतो. अंगठीतील माणिक आजीच्या काळातले, त्याच्या थोरवीच्या गोष्टी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या. पण मूल्यांकन करणारा सराफ खड्याचे वजन एकूण वजनातून वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचीच किंमत धरतो. यात माणकाचा अपमान नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जासाठी केवळ सोन्याचे मूल्य विचारात घ्यावयाचे असते, रत्नांची किंमत त्यात मिळवता येत नाही.

नियमामागील व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. हिऱ्यांच्या व्यापारातही दरपत्रके प्रचलित आहेत. माणिक, नीलम, पाचू यांना मात्र असा सर्वमान्य दर नाही. ठक्कुर फेरू या अधिकाऱ्याने खिलजी राजवटीत, १३१५ मध्ये, 'रयणपरिक्खा' नावाचा प्राकृत ग्रंथ लिहिला आणि त्यात रत्नांच्या वजनानुसार किमतीही दिल्या. आजचा जवाहिऱ्या एवढे धाडस करणार नाही. एकाच वजनाच्या, दुरून सारख्याच लाल दिसणाऱ्या दोन माणकांपैकी एक काही शे रुपयांचे आणि दुसरे काही लाखांचे असू शकते. तेव्हा पारख करावयाची ती पैसे मोजण्यापूर्वीच.

रंगीत रत्नात पहिला मान रंगाचा. माणकाचा लाल रंग स्वच्छ आणि भरदार असावा. फिका पडला तर खडा गुलाबी नीलमात जमा होतो, फार गडद झाला तर काळवंडतो, आणि दोन्ही बाजूंनी किंमत उतरते. पण हा रंग पाहावयाचा कोठे? दुकानातील पिवळसर दिव्याखाली सामान्य माणिकही निखाऱ्यासारखे फुलते, कारण त्या उजेडात लाल किरणांचा अंश अधिक असतो. निळसर पांढऱ्या दिव्याखाली हाच लाभ नीलमाला मिळतो. म्हणून खडा पांढऱ्या कागदावर ठेवून, दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हात न धरता पाहावा. शक्य तर दोन-तीन खडे शेजारी ठेवावेत. काल पाहिलेला रंग आज नेमका आठवेल, असा भरवसा डोळ्यांचा देता येत नाही. रंगाची पारख करणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर येऊ देण्यास चांगला व्यापारी कुरकुरत नाही.

रंगानंतर घडण. सुटा खडा छापील मजकुरावर ठेवावा. मधल्या भागातून अक्षरे सरळ वाचता आली, तर पैलू उथळ पाडले आहेत आणि प्रकाश परत न येता खालून निसटतो आहे. याउलट काही खड्यांचे पोट सुटलेले असते. वजन राखण्यासाठी कारागीर तळाचा भाग जाड ठेवतो आणि गिऱ्हाईक कोंदणात दडलेल्या त्या पोटाचे पैसे वरच्या चेहऱ्याच्याच दराने मोजते. बंद कोंदणात तर खड्याखाली चकाकणारा पातळ पत्रा घालून रंग खुलवण्याची जुनी पद्धत आहे. ग्रहांसाठी घालावयाच्या अंगठीत खडा बोटाला टेकावा म्हणून तळ उघडा ठेवतात. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, रत्नपरीक्षेसाठी ही पद्धत फार सोयीची आहे.

खडा खरा की खोटा, हे ठरविण्याच्या घरगुती कसोट्यांवर मात्र विसंबू नये. दुधात ठेवलेल्या नीलमाने दुधाला निळसर झाक येते म्हणतात. ती रंगीत काचेनेही येईल. काचेवर ओरखडा उठतो, म्हणून माणिक खरे, हेही व्यर्थ. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक घडविण्याची रीत जाहीर केली. ते माणिक रचनेने आणि काठिण्याने खाणीतल्या माणकासारखेच असते. फरक दिसतो तो भिंगातून: वाढीच्या वक्र रेषा आणि गोल बुडबुडे. आजीच्या काळातले म्हणजे नैसर्गिकच, असे यामुळेच म्हणता येत नाही. डोळ्यांची फसगत राजेरजवाड्यांनाही चुकलेली नाही. ब्रिटिश राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' वस्तुतः माणिक नसून लालडी, म्हणजे स्पिनेल, आहे.

आजच्या ग्राहकाने ज्याची सर्वांत अधिक धास्ती बाळगावी, तो प्रकार २००४ च्या सुमारास बाजारात आला. तडे गेलेला, जवळजवळ टाकाऊ असा कुरुंदाचा खडा घेतात, तो साफ करून शिसेयुक्त काचेबरोबर तापवतात. वितळलेली काच तड्यांत शिरते. तिचा वक्रीभवनांक माणकाच्या जवळपास असल्याने तडे दिसेनासे होतात आणि मातकट दगड रसरशीत लाल दिसू लागतो. वजन होते ते काचेसह. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून खडा हळूहळू फिरवला, तर तड्यांत बुडबुडे आणि क्षणभर निळसर झळक दिसते. सरावाशिवाय मात्र ते ओळखू येत नाही. ही काच लिंबाच्या रसानेही खराब होते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या हाताला ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. अंगठी सैल करण्यासाठी सोनाराने ज्योत लावली किंवा ती आम्लात बुडवली, तर मग काहीच सांगावयास नको. असा खडा स्वस्तात, सांगून विकला तर तक्रार नाही. दोष खड्याचा नसून न सांगण्याचा आहे.

प्रत्येक संस्काराला या मापाने मोजणे मात्र अन्यायाचे ठरेल. माणिक व नीलम तापवून रंग सुधारणे व्यापारात मान्य आहे. श्रीलंकेतील 'गेउडा' नावाचे दुधाळ दगड १९७० च्या दशकापासून तापवून निळे केले जाऊ लागले. हा रंग टिकाऊ असतो. फक्त न तापवलेल्या, तितक्याच सुंदर खड्याला अधिक किंमत पडते. पुष्कराजाच्या बाबतीत निराळी सावधगिरी हवी. बेरिलियम मिसळून तापविल्यास फिक्या खड्यात गडद पिवळा रंग उतरतो, आणि ते उघड करण्यास भिंग पुरत नाही, प्रगत उपकरणे लागतात. पाचूच्या तड्यांत तेल भरण्याची चालही जुनी आहे. मोगलांच्या खजिन्यातील अनेक पाचू दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे आले, आणि त्या खाणींचे पाचूही तडे घेऊनच निघतात. तेल किती आहे, किंचित, मध्यम की पुष्कळ, यावर किंमत ठरते.

यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. भारतात ही सोय नवी नाही: मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९७१ मध्ये, तर पाचूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या जयपुरात रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ मध्ये सुरू झाली. अहवालात किंमत नसते. तो 'नैसर्गिक' या शब्दापाशी वाचायचा थांबवू नये, कारण काच भरलेला दगडही मुळात खाणीतलाच असतो. खरी माहिती शेऱ्याच्या ओळीत असते. अहवालातील वजन व मापे समोरच्या खड्याशी जुळवावीत आणि क्रमांक प्रयोगशाळेच्याच संकेतस्थळावर पडताळावा.

उगमस्थानाचा प्रश्न जास्त नाजूक. २५.५९ कॅरटचे, न तापवलेले ब्रह्मदेशी 'सनराइज रुबी' २०१५ मध्ये जिनिव्हात सुमारे ३ कोटी डॉलरना विकले गेले, म्हणजे कॅरटला ११ लाख डॉलरहून अधिक. मोझांबिकच्या ५५.२२ कॅरटच्या 'एस्त्रेला दे फुरा' या माणकाला २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलर मिळाले. कॅरटचा भाव निघतो सव्वासहा लाखांच्या घरात. ब्रह्मदेशाच्या नावाला बाजार किती मानतो, ते यावरून दिसते. पण हे नाव दुकानात फार सैलपणे उच्चारले जाते. काश्मीरच्या पाडर भागातील नीलम १८८१ च्या सुमारास सापडले आणि मुख्य खाण थोड्याच वर्षांत रिती झाली. तरी 'काश्मिरी' नीलम दुकानोदुकानी मिळतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! अहवालात उगम लिहिलेला नसेल, तर त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

वजन नेहमी कॅरटमध्ये विचारावे. कॅरट सर्वत्र २०० मिलिग्रॅम. रत्ती मात्र एकाकडे सुमारे १२० मिलिग्रॅमची, तर दुसऱ्याकडे १८० ची. आठ रत्तीचा खडा एका तराजूत पाच कॅरटहून कमी भरतो, दुसऱ्यात सात कॅरटहून अधिक. दागिना घडीव असेल, तर खड्याचे वजन वजा करूनच सोन्याचा भाव लावला आहे ना, हे पाहावे. एरवी काचेचे पैसे सोन्याच्या दराने जातात. हॉलमार्क धातूची ग्वाही देतो, खड्याची नाही.

बिलावर रत्नाचे नाव, कॅरटमधील वजन, नैसर्गिक की कृत्रिम, कोणता संस्कार, आणि अहवाल विरुद्ध आल्यास पैसे परत करण्याची मुदत, एवढे लिहून घ्यावे. तोंडी हमीवर विकणारा अनेकदा येथेच अडखळतो. अंगठी पुढे कधी दुरुस्तीला जाईल, तेव्हा सोनाराला बिलाची प्रत आधी दाखवावी. काच की तेल, हे कळल्यावर तो खडा काढून ठेवूनच ज्योत पेटवील. मूळ बिल व अहवाल घरातील कपाटापेक्षा लॉकरमध्ये, दागिन्याच्याच डबीत बरे.