छोट्या नभोवाणी केंद्रांपुढील पेच

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील के.डी.के.ए. केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले. तेव्हापासून मध्यम लहरींवरील, म्हणजेच ए.एम. पद्धतीच्या, नभोवाणीने त्या देशातील लहान गावांची मोलाची सेवा केली आहे. शेतमालाचे भाव, वादळाची पूर्वसूचना, शाळांना मिळालेली सुटी ही माहिती गावाला गावाच्याच केंद्रावरून मिळत आली. आजही तेथे चार हजारांहून अधिक ए.एम. केंद्रे आहेत, परंतु त्यांतील अनेक छोट्या केंद्रांचे भवितव्य अनिश्चित झाले आहे.

याची कारणे मुख्यतः तांत्रिक व आर्थिक आहेत. विजेच्या उपकरणांमुळे मध्यम लहरींवर खरखर उमटते. रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. महाराष्ट्रातील श्रोत्यांनाही रात्री दूरची केंद्रे ऐकू येतात, ती यामुळेच. एका केंद्राचा दुसऱ्यास अडथळा होऊ नये म्हणून अमेरिकेत कित्येक केंद्रांना सूर्यास्तानंतर शक्ती कमी करावी लागते, तर काहींना प्रक्षेपणच थांबवावे लागते. शिवाय उंच मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीत पुरलेले तांब्याच्या तारांचे जाळे यांस मोठी जागा लागते. जागेचे भाव वाढले की ती विकण्याचा मोह केंद्रचालकांस होतो.

यावर उपाय म्हणून तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००९ मध्ये ए.एम. केंद्रांना आपले कार्यक्रम एफ.एम. ट्रान्सलेटरवरून पुनःप्रक्षेपित करण्यास मुभा दिली. ट्रान्सलेटर म्हणजे जास्तीत जास्त २५० वॅट शक्तीचा छोटा प्रक्षेपक. त्याचा आवाज स्वच्छ असतो व तो रात्रीही चालू ठेवता येतो. २०१७ व २०१८ मध्ये अशा केंद्रांना नवे ट्रान्सलेटर मिळण्याची संधी देण्यात आली. अनेक गावांत श्रोते एफ.एम.कडे वळले.

येथेच खरा पेच आहे. ट्रान्सलेटरला स्वतंत्र अस्तित्व नाही, मूळ ए.एम. केंद्र बंद पडले की तोही बंद करावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामा राज्यातील जॅस्पर येथील एका केंद्राने आपला सुमारे २०० फूट उंचीचा मनोरा चोरीस गेल्याची तक्रार केली. तेव्हा केवळ एफ.एम.वर सेवा चालू ठेवण्याची त्याची विनंती कमिशनने अमान्य केली. त्यातच ट्रान्सलेटरला दुय्यम दर्जा असल्याने पूर्ण शक्तीच्या केंद्रास त्याचा अडथळा झाल्यास त्यालाच माघार घ्यावी लागते. म्हणजे श्रोते एकीकडे आणि खर्च दुसरीकडे, अशी छोट्या केंद्रांची स्थिती झाली आहे.

मग ट्रान्सलेटरला स्वतंत्र परवाना का देऊ नये? एफ.एम.चा हा छोटा प्रक्षेपक गावापुरता पोचतो. विखुरलेल्या शेतवस्त्यांपर्यंत पोचण्याचे सामर्थ्य मध्यम लहरींत अधिक आहे. वीज व दूरध्वनी बंद पडले तरी बॅटरीवरील रेडिओ चालतो. म्हणूनच काही मोटार उत्पादकांनी नव्या गाड्यांतून ए.एम. काढण्याचे ठरविल्यावर, ते प्रत्येक गाडीत सक्तीचे करणारे विधेयक २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडले गेले आणि २०२५ मध्ये पुन्हा सादर झाले. तथापि, गाडीत रेडिओ राहिला तरी गावाच्या केंद्राचा खर्च भागेल, याची हमी त्यातून मिळत नाही. स्थानिक बातमी देणारे केंद्र टिकवावयाचे, तर या खर्चाचा विचार प्रथम करावा लागेल.