अमेरिकेंतील वास्तव्य आणि वकिलाचा सल्ला

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण मराठी घरांत इतकी मुरली आहे कीं, वकिलाकडे जाणें म्हणजे कांहींतरी बिनसल्याची कबुलीच, असें पुष्कळांस वाटतें. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेंत आहे, त्या घरांत ही म्हण वारंवार कसोटीस लागते. कधीं व्हिसाची मुदत वाढवावयाची असते, कधीं ग्रीन कार्डाचा अर्ज करावयाचा असतो, तर कधीं नागरिकत्व घ्यावयाचें असतें. आणि दर वेळीं दोन मतें पडतात. एक मत असें कीं, अर्जाचे नमुने सरकार विनामूल्य देतें, ते भरावयास वकील कशाला? दुसरें असें कीं, परमुलुखांत चार पैसे अधिक गेले तरी चालतील, पण जोखीम नको. दोन्ही मतें आपापल्या जागीं बरोबर आहेत. चूक होते ती जागा ओळखण्यांत.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानांत ठेवावी. तुरुंगवासाची शिक्षा होण्याजोगा आरोप असलेल्या निर्धन माणसास अमेरिकेंत सरकारी खर्चानें वकील मिळतो. देशाबाहेर घालविण्याचें प्रकरण मात्र दिवाणी स्वरूपाचें मानलें जातें. तेथें वकील नेमण्याची मुभा आहे, पण त्याचा खर्च सरकार सोसत नाहीं. म्हणून वकील केव्हां नेमावा, हें ज्याचें त्यानेंच वेळेवर ठरवावें लागतें.

वकिलाचा फारसा उपयोग होत नाहीं, अशीं कामेंही आहेत. मुलाकडे चार महिने राहून येण्यासाठीं मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत अर्ज करणारे आईबाप हें त्याचें ठळक उदाहरण. असा पाहुणा तेथेंच स्थायिक होणार, असें कायदा गृहीत धरतो. तसें नाहीं, हें अर्जदारानें पटवून द्यावयाचें असतें. निर्णय खिडकीपाशीं थोड्याशा प्रश्नोत्तरांत होतो. तेथें वकिलाचा युक्तिवाद चालत नाहीं, आणि नकार मिळाल्यास न्यायालयांत सहसा दाद लागत नाहीं. नीट भरलेला अर्ज आणि खरीं उत्तरें, हीच तेथली शिदोरी. ग्रीन कार्डाच्या रांगेचीही तीच कथा. नोकरीच्या वर्गांत कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांस वर्षाच्या एकूण संख्येपैकीं साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं. भारतीयांची रांग वर्षानुवर्षें लांबते ती यामुळें. ही रांग कोणताही वकील तोडूं शकत नाहीं.

आतां दुसरी बाजू. अर्ज कठीण कीं सोपा, यावरून वकिलाची गरज ठरत नाहीं. अर्जदाराच्या पूर्वायुष्यांत काय घडलें आहे, यावरून ती ठरते. ५ वर्षें ग्रीन कार्डावर राहिलेला, कर वेळेवर भरणारा, पोलिसांशीं कधीं संबंध न आलेला गृहस्थ नागरिकत्वाचा अर्ज स्वतः भरूं शकतो. परंतु तोच गृहस्थ आईच्या आजारपणांत ७ महिने पुण्यास राहून आला असेल, तर? ६ महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्याची अखंडता भंगली असें गृहीत धरलें जातें, आणि ती भंगली नाहीं, हें त्यालाच पुराव्यानें दाखवावें लागतें. पूर्वीं कधीं अटक झाली असेल आणि कोर्टानें ती नोंद पुसून टाकली असेल, तरीही अर्जांत ती सांगावी लागते. असा अर्ज करणें म्हणजे आपलें जुनें दप्तर आपण होऊन सरकारपुढें उलगडणें होय.

मुदत उलटून राहणें तर याहून धोक्याचें. १९९६ सालच्या कायद्याप्रमाणें १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास ३ वर्षें, आणि १ वर्ष वा अधिक राहिलेल्यास १० वर्षें परत येण्यास बंदी होते. ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. म्हणजे मुकाट्यानें निघून जावें आणि नव्यानें अर्ज करावा, हा सरळ दिसणारा मार्गच पायांत बेडी घालतो. नवरा एका देशांत आणि बायकामुलें दुसऱ्या देशांत, अशीं १० वर्षें काढण्यापेक्षां आधीं एक तास सल्ल्यास देणें केव्हांही बरें.

सल्ला मात्र त्याच कायद्याच्या जाणकाराचा हवा. केंटकी राज्यांत खटला झालेला होझे पादिया हा ४० वर्षांहून अधिक काळ कायदेशीरपणें अमेरिकेंत राहिलेला आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळांत तेथल्या सैन्यांत काम केलेला गृहस्थ. अमली पदार्थांच्या प्रकरणांत त्यानें गुन्हा कबूल केला. इतकीं वर्षें राहिल्यावर हद्दपारीची चिंता नको, असें आपल्या वकिलानें सांगितलें होतें, हें त्याचें म्हणणें. प्रत्यक्षांत त्या कबुलीनें हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. अशा परिणामांची कल्पना अशिलास देणें हें फौजदारी वकिलाचें कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला.

जाणकार काय करूं शकतो, याचा जुना दाखला सखाराम गणेश पंडित यांचा. भगतसिंग थिंद यांचा खटला लढविणाऱ्या वकिलांत ते होते. १९२३ सालीं तो खटला हरला, भारतीयांस नागरिकत्व मिळूं शकत नाहीं असें ठरलें, आणि मिळालेलें नागरिकत्वही सरकार काढून घेऊं लागलें. पंडितांवरही तोच प्रसंग आला. त्यांनीं वंशाचा हरलेला वाद पुन्हां घातला नाहीं. १९१४ सालीं न्यायालयानें एकदां दिलेला निकाल अखेरचा आहे, हा मुद्दा धरला. अपील न्यायालयानें १९२६ सालीं तो मान्य केला, आणि त्यांचें नागरिकत्व टिकलें.

वकील निवडतांना तीन गोष्टी पाहाव्यात. भारतांत नोटरी हा बहुधा वकीलच असतो; अमेरिकेंतील नोटरी केवळ सहीचा साक्षी असतो, त्याला कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार नाहीं. वकिलास कोणत्या तरी राज्याची सनद आहे कीं नाहीं, हें त्या राज्याच्या बारकडे विचारतां येतें. दुसरें, नोकरीच्या व्हिसाचा अर्ज मालक करतो, म्हणून त्यानें नेमलेला वकील प्रथम मालकाचें हित पाहतो. नोकरी सोडण्याचा विचार असेल तर सल्ला दुसऱ्याचा घ्यावा. तिसरें, जो यशाची हमी देतो किंवा कोऱ्या अर्जावर सही मागतो, त्याच्यापासून दूर राहावें.

वकील नेमणें आणि वकिलास एकदां विचारणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पूर्वायुष्य स्वच्छ आणि प्रकरण सरळ असेल, तर अर्ज स्वतः भरावा. अटक, दीर्घ गैरहजेरी, उलटलेली मुदत, पूर्वीं मिळालेला नकार, यांपैकीं एकही गोष्ट असेल, तर सही करण्यापूर्वीं एकदां विचारावें; आणि हद्दपारीची नोटीस हातीं आली असेल, तर विचार करीत न बसतां वकील नेमावा. कोर्टाची पायरी टाळणें हें शहाणपणच आहे. परंतु ती टळावी म्हणूनच पुष्कळदां वकिलाची पायरी आधीं चढावी लागते.