विश्वस्त नेमकं करतात काय?

पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय चालता चालता जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. अशा माणसाला विरार लोकलच्या गर्दीतून मुंबईला बोलावणं म्हणजे थट्टाच. डॉ. बी. एस. सिंघल यांनी 2001 मध्ये मुंबईत स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी म्हणूनच ठिकठिकाणी मदतगट चालवते.

वसई-विरारमध्ये असा गट काढायचा तर तो चालवणाऱ्या ट्रस्टच्या विश्वस्तांपुढचे प्रश्न साधेच: जागा तळमजल्यावर आहे का, जिन्याला कठडा आहे का, सभेच्या वेळी रुग्णांवर औषधाच्या गोळीचा अंमल असेल का? डोस ठरवणं त्यांचं काम नव्हे. हिशेब मात्र त्यांच्याच गळ्यात. 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार दरवर्षी लेखापरीक्षण करायचं; विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. बिनपगारी आहोत, ही सबब तिथे चालत नाही.