नळाच्या वायसरवर गुंडाळलेला रेडिओ

हौशी रेडिओच्या परदेशी पुस्तकांतून सर्किट उतरवून घेणाऱ्या भारतीय माणसाची गाडी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी अडायची. टोरॉइड. लोखंडाच्या भुकटीचं किंवा फेराइटचं छोटं कडं, त्यावर तांब्याची तार गुंडाळली की कॉइल तयार. अमेरिकेतला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, ते टपालाने मागवून मोकळा व्हायचा. इथे मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातलं पासोड्या विठोबाजवळचं मार्केट पालथं घालावं, आणि दुकानदाराने ‘नेमकं कशाला पाहिजे?’ असं विचारावं. उत्तर देऊनही उपयोग नसायचा.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) या अडचणीवर काढलेला तोडगा हार्डवेअरच्या दुकानात मिळत होता. नळाचा वायसर. गोल, मधे भोक, किंमत नगण्य. वायसर काही चुंबकीय नाही, त्यामुळे तारेचे वेढे जास्त घ्यावे लागतात, पण काम होतं. ब्रॉडबँड ट्रान्सफॉर्मरसाठी त्यांनी टीव्हीच्या अँटेनाला लागणारे बॅलन (balun) वापरले. शेवटच्या टप्प्यात, जिथे खरी ताकद लागते, तिथे आयआरएफ-५१० हा मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर आला. तो मुळात पॉवर सप्लायमध्ये वीज चालू-बंद करण्यासाठी बनलेला, रेडिओशी त्याचा संबंध नाही. पण कुठेही मिळतो आणि जळला तर माणूस हळहळत नाही. या सगळ्यातून जो रेडिओ उभा राहिला त्याचं नाव बिट-एक्स. २० मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे १४ मेगाहर्ट्‌झला, साधारण ६ वॅट देणारा. आयात केलेला कारखानी रिग (म्हणजे अख्खा सेट) सहज लाखाच्या घरात जातो, त्या देशात.

मला या यंत्राचं कौतुक स्वस्ताईपेक्षा त्याच्या आखणीसाठी जास्त वाटतं. सिंगल साइडबँडवर (आवाज अरुंद पट्टीत पाठवण्याच्या पद्धतीवर) बोलणाऱ्या सेटमध्ये सहसा ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी असते. दोन्हीकडे ॲम्प्लिफायर, दोन्हीकडे मिक्सर, आणि मधला महागडा क्रिस्टल फिल्टर कसाबसा वाटून घ्यायचा. बिट-एक्समध्ये ॲम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात. एकाच जागी दोन ट्रान्झिस्टर, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. ऐकताना एकाला वीज मिळते, बोलताना दुसऱ्याला. एका गाडीपुरत्या गल्लीत शिपाई आलटून पालटून बाजू सोडतो, तसं. सुट्या भागांची संख्या एकदम घटते, आणि नवख्याला एक बाजू जुळवून झाली की दुसरी बहुतांश फुकटात मिळते.

क्रिस्टल फिल्टर हाही बाजाराशी जुळवून घेतलेला. कॉम्प्युटरच्या बोर्डांवर लागणारे १० मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल चिल्लर पैशांत मिळत. एकाच लॉटमधले डझनभर आणायचे, प्रत्येकाला साध्या ऑसिलेटरमध्ये बसवून त्याची नेमकी वारंवारता पाहायची आणि त्यातल्या त्यात सख्खी भावंडं निवडून ओळीने लावायची. आवाजाची पट्टी जाईल, बाकीचं गाळलं जाईल. त्यात ४ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा ऑसिलेटर मिसळला की बेरीज १४.

मराठी वाचकाला हॅम रेडिओच्या या हौसेचा एक जुना धागा माहीत असतो, फक्त तो या नावाने माहीत नसतो. १९४२च्या आंदोलनात मुंबईतून चाललेलं काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र उषा मेहतांमुळे आठवतं. त्याचा प्रक्षेपक जुळवला होता नरिमन प्रिंटर यांनी. ते हॅम होते. दुसरं महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द करून टाकले होते. केंद्र स्वतःची ओळख ४२.३४ मीटर अशी सांगायचं. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागून पाहा, ७.०८ मेगाहर्ट्‌झ येतात. आज भारतातल्या हॅमना ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झ हा ‘फोर्टी मीटर’चा पट्टा मिळतो, म्हणजे ती जागा बरोबर त्याच्या पोटात आहे. दिवसा काही शे किलोमीटरचा पल्ला गाठायला हा पट्टा फार सोयीचा. सोसायटीच्या गच्चीवर सुमारे वीस मीटर तारेचा डायपोल ताणायला परवानगी मिळाली (परवान्याच्या सरकारी परीक्षेपेक्षा हा पेपर अवघड) तर पुणे-नागपूर गप्पा घरच्या घरी होतात.

फरहान यांनीही पुढे फोर्टी मीटरच पकडला. २०१६च्या सुमारास बिट-एक्स ४० हा तयार बोर्ड हैदराबादहून जगभर जाऊ लागला. त्यावरच्या कॉइल गुंडाळण्याचं काम तिथल्या बायकांच्या गटाने केलं. फिल्टर १२ मेगाहर्ट्‌झचा, ऑसिलेटर ५च्या आसपास, वजाबाकी ७.

पण कॉइल आणि कपॅसिटरच्या ऑसिलेटरचं एक जन्मजात दुखणं असतं: तो सरकतो. पंखा लावला, सरकला. डब्यावर ऊन आलं, सरकला. समोरच्याला आपला आवाज हळूहळू बदकासारखा ऐकू येतो आणि तो बिचारा बटण फिरवत आपल्या मागे धावतो. यावर आलेला उपाय म्हणजे राडुइनो: एक आर्डुइनो नॅनो आणि एसआय-५३५१ ही चिप. चिप क्रिस्टलच्या आधारे हवी ती वारंवारता बनवते, आर्डुइनो तिला आकडा सांगतो.

इथे होमब्रूचा, म्हणजे घरी रेडिओ बनवण्याच्या हौसेचा, स्वभाव बदलला. वायसरची जागा कोडने घेतली. जुन्या मंडळींना ते रुचलं नाही, आणि त्यांची तक्रार मला अगदीच निराधार वाटत नाही. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. तरीही बोर्ड उघडा, सर्किट उघडं, प्रोग्रॅम उघडा असल्यामुळे लोकांनी त्यात हात घातला. कुणी मोर्स आपोआप पाठवणारा कीअर बसवला, कुणी टचस्क्रीन, कुणी अँटेनाकडून ताकद परत येऊ लागताच प्रक्षेपण तोडणारी सोय. ती शेवटची सोय आयआरएफ-५१०चा जीव वाचवते, म्हणून खरी मोलाची.

२०१७च्या डिसेंबरमध्ये मायक्रो-बिटएक्स आला, ८० मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळे पट्टे एकाच बोर्डावर. पट्टा बदलला की आर्डुइनो रिले टकटक पाडून योग्य फिल्टर मार्गात आणतो. आणि नेमकी तिथेच गफलत निघाली. जगभरच्या खरेदीदारांनी मोजमाप केलं तेव्हा दिसलं, की फिल्टर बरोबर आहेत, पण रिले एकमेकांना खेटून असल्याने सिग्नलचा काही भाग फिल्टरला वळसा घालून पुढे जातोय. मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचा हा कचरा नियमांच्या मर्यादेबाहेर होता. बोर्डाची मांडणी बदलून नंतरच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. संगणकाने रिले अचूक चालवले होते. वाट चुकली ती तांब्याच्या पट्ट्यांची.

स्वयंचलनाचा सर्वांत देखणा नमुना अँटेना ट्यूनरमध्ये दिसतो. अँटेना आणि रिग यांचं जमत नसेल तर मधे कॉइल-कपॅसिटरची जोडी घालून समेट घडवायचा. पूर्वी दोन मोठी बटणं आणि एक मीटर. काटा खाली येईपर्यंत फिरवत बसायचं. आता सात कॉइल, सात कपॅसिटर, प्रत्येक पुढचा आधीच्या दुप्पट, प्रत्येकापाशी रिले. १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ जुळण्या. छोटा मायक्रोकंट्रोलर त्या सगळ्या तपासत नाही. आधी मोठ्या ढांगा टाकतो, मग बारीक पावलं, परत येणारी ताकद मोजत मोजत थांबतो. काही क्षण रिलेंचा पाऊस पडतो आणि मग शांतता. हा ट्यूनर घरी बनवणाऱ्याला मी एकच सांगेन: परत येणारी ताकद मोजणारा भाग आधी नीट जुळवा. ते मोजमाप चुकलं तर यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने वाईट जुळणी निवडतं.

पुढचं पाऊल संभाषणाचंच स्वयंचलन. २०१७मध्येच जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ ही संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत आणली. टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी, आणि स्वतः हॅम. पंधरा-पंधरा सेकंदांच्या खिडक्या, त्यात १२.६४ सेकंदांचं प्रक्षेपण, ५० हर्ट्‌झची अरुंद पट्टी. कानाला निव्वळ खरखर ऐकू येत असताना संगणक त्यातून कॉलसाइन वाचून दाखवतो. फरहान यांच्या नंतरच्या एस-बिटएक्समध्ये रास्पबेरी पाय आहे आणि एफटी-८ त्याच्या पोटातच आहे.

यात माणूस उरतो कुठे, असा प्रश्न रेडिओवर रोज कुणीतरी कुरकुरत विचारतो. त्याचं उत्तर टेलर मंडळींच्या प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेलं आहे. डब्ल्यूएसजेटी-एक्स नावाचा हा प्रोग्रॅम एका संपर्काचे ठरीव संदेश आपोआप पाठवतो, पण आपण होऊन एकामागून एक माणसं शोधत फिरत नाही. करता आलं असतं, मुद्दाम केलेलं नाही. वर एक पहारेकरीही ठेवला आहे. बराच वेळ, मूळ मांडणीत सहा मिनिटं, कुणी माउस-कीबोर्डला हात लावला नाही तर तो प्रक्षेपण बंद करतो.