माठ आणि अतिवाहक

सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांच्या आसपास गेला, की फ्रिजपेक्षा माठातलेच पाणी बरे वाटते. माठ पाणी गार कसे करतो, हे आपण वर्गात शिकवतोच. छिद्रांतून पाझरलेल्या पाण्यातले जास्त ऊर्जेचे रेणू उडून जातात. मागे राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते. हीच युक्ती आम्हाला पाण्याचा थेंबही नसलेल्या ठिकाणी भेटते.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी मिळून केलेल्या सहा क्युबिटांच्या क्वांटम प्रक्रियकाची चाचणी 2024 मध्ये झाली. हे क्युबिट म्हणजे अतिवाहक मंडले. अशा मंडलांत बहुधा ॲल्युमिनियम वापरतात. ते 1.2 केल्विनखाली अतिवाहक होते, तरी मंडल ठेवावे लागते 0.02 केल्विनच्या आसपास! कारण क्युबिटच्या दोन पातळ्यांमधले अंतर सुमारे 0.25 केल्विनच्या उष्ण ऊर्जेइतकेच असते. थोडी ऊब लागली की 0 चा 1 होतो आणि गणित बिघडते.

बरे, शीतक थंड झाला म्हणजे इलेक्ट्रॉन थंड झाले असेही नाही. साध्या धातूतले इलेक्ट्रॉन आपली उष्णता स्फटिकाला देतात, पण तापमान निम्मे केले की हे देणे 32 पटींनी मंदावते. अतिवाहकात तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या उष्णता वाहूनच नेत नाहीत. विजेला अडथळा शून्य, उष्णतेला मात्र सोलापुरी चादर! ‘चांगला विद्युतवाहक तो चांगला उष्णतावाहक’ हे पाठ केलेले विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. त्यांना अडखळू द्यावे.

मग उपाय काय? साधा धातू, त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर, त्यावर अतिवाहक. अतिवाहकात इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जेखाली जागाच नसते. म्हणून 0.2 मिलिव्होल्टहून किंचित कमी दाब दिला, की धातूतले फक्त जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि उरलेले गारठतात. हाच आपला माठ. नाहुम, आयल्स आणि मार्टिनिस यांनी 1994 मध्ये हे दाखवले. (यांतल्या मार्टिनिस यांना 2025 चे नोबेल मिळाले, पण वेगळ्या कामासाठी.) 1996 मध्ये पेकोला आणि सहकाऱ्यांनी असे दोन सांधे जोडून इलेक्ट्रॉन 0.3 वरून 0.1 केल्विनपर्यंत उतरवले.

अडचण पुढेच आहे. पलीकडे गेलेले गरम इलेक्ट्रॉन अतिवाहकात तुंबतात, कारण तिथून उष्णता निघत नाही. मग ती उलट परतते. त्यासाठी अतिवाहकाला लागून साध्या धातूचा तुकडा ठेवतात. तो ही उष्णता शोषून घेतो. बंद, दमट खोलीत माठ गार होत नाही, म्हणून आपण तो वाऱ्याला ठेवतो, तसेच हे.