बाई एक, कागद तीन

उमरखेडकडच्या बाळंतिणीचं काही अडलं की गाडी कधी यवतमाळला निघते, कधी पैनगंगा ओलांडून नांदेडला. बाई एकच, पण तिची नोंद गावातल्या कार्डावर वेगळी, इथल्या दवाखान्यात वेगळी आणि तिथल्या केसपेपरवर आणखी वेगळी. 'हे सगळे कागद एकत्र केले की झालं संशोधन', असं अनेकांना वाटतं.

तसं होत नाही. बाळंतपणातला रक्तस्रावच घ्या. 'बेताचा', 'खूप गेला' हे शब्द लिहिणाऱ्याच्या नजरेवर ठरतात. बेळगावच्या डॉक्टरांनी बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची, खाली निमुळती होत गेलेली प्लास्टिकची पिशवी वापरली. तिच्यावर मिलीलिटरच्या खुणा. तिच्याशी ताडून पाहिलं, तर नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांश कमी निघाला! 500 मिलीलिटरची धोक्याची रेघ अंदाजाने कशी सापडणार?

'बीपी तर यंत्रच सांगतं.' सांगतं; पण उन्हातून चालत आलेल्या बाईला पाच मिनिटं बसवलंत का? जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. आणि पानभर ओळीने 120/80 दिसलं की मला तरी ती वही खरी वाटत नाही.

'पायावर सूज म्हणजे बीपीचाच आजार.' जुन्या व्याख्येत सूज होती. निरोगी गरोदर बायकांनाही ती येते, म्हणून काढली. आता विसाव्या आठवड्यानंतर 140/90 किंवा जास्त बीपी, सोबत लघवीत प्रथिनं किंवा यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांवर परिणाम, हे पाहतात. म्हणजे जुन्या वहीतले रुग्ण नव्या वहीत मिळवले, तर बेरीज चुकणारच.

'एवढी शिस्त परदेशातच.' नागपूर आणि बेळगाव परिसरातल्या खेड्यांत गरोदर बायकांची नोंद ठरलेल्या नमुन्यात होते, बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत. काँगो, झांबिया, केनिया, ग्वाटेमाला, पाकिस्तानातही तोच नमुना. म्हणूनच सहा देशांतल्या 11,976 पहिलटकरणींवर अ‍ॅस्पिरिनची चाचणी एकत्र करता आली. 2020 मध्ये निष्कर्ष आला: 37 आठवड्यांआधीची बाळंतपणं अ‍ॅस्पिरिनची गोळी घेणाऱ्यांत 11.6 टक्के, औषध नसलेली तशीच गोळी घेणाऱ्यांत 13.1. एवढासा फरक एका तालुक्याच्या वहीत दिसलाच नसता. (गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

'आपलं नाव जगभर जाईल', ही भीतीही असते. अशा अभ्यासात आधी संमती घेतात आणि पुढे जातो तो सांकेतिक क्रमांक. नाव-गाव वेगळ्या यादीत, कुलपात.